मोर्चा पांगल्यावर

कुंडल, ता. पलूस, जि. सांगली



मोर्चा आपल्याला नवा नाही. जमिनीसाठी काढला, रेशनसाठी काढला, रोजगार हमीची मजुरी थकली म्हणून काढला. भाकरी बांधून घ्यायची, पोरं काखेत मारायची आणि तालुका गाठायचा हे आपल्या बायांना कुणी शिकवायला नको. पण जमिनीचा मोर्चा आणि बाईवरच्या अत्याचाराचा मोर्चा यांत एक फरक आहे. त्यावर आपण बोलत नाही, म्हणून मला तो या अंकात लिहायचा आहे.

जमिनीचा मोर्चा संपला की आपलं काम सुरू होतं. निवेदनावर पोच घेतो. पोच दिली नाही तर कचेरीतून हलत नाही. फॉरेस्टनं वीस-तीस वर्षांपूर्वी फाडलेल्या दंडाच्या पावत्या आपल्या म्हाताऱ्यांनी पत्र्याच्या डब्यात, आढ्याला बांधून जपल्या. त्या वेळी त्या पावतीचा उपयोग काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आज वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवायला त्याच पावत्या पुरावा झाल्या आहेत. कागद जपणारी माणसं आहोत आपण. तारखेला जाणारी माणसं आहोत.

आणि पोरीवर हात पडला की? चार दिवस सगळा तालुका तापतो. मोर्चा निघतो, पुढारी येतात, 'फाशी द्या, फाशी द्या' म्हणून घसे बसतात. साहेब खाली येऊन निवेदन घेतो, फोटो निघतो, टेम्पो परत पाड्याला लागतात. सहा महिन्यांनी विचारा, केसचा नंबर काय? सरकारी वकील कोण? पुढची तारीख कुठली? पोरगी कुठं आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "तिला मामाकडं पाठवली." ज्याच्यावर आरोप आहे तो गावात असतो, आणि जिच्यावर अत्याचार झाला ती गावाबाहेर.

दंडाची पावती तीस वर्षं जपणाऱ्या संघटनेला एका पोरीच्या फिर्यादीची नक्कल तीन वर्षं जपता येत नाही, हे मला पटत नाही. मोर्चा कमी पडला असं म्हणणारे आहेत. माझं म्हणणं उलटं आहे. मोर्चे पुरेसे झाले. मोर्च्यानंतरचं काम झालं नाही.

हे नुसतं आपल्या तालुक्याचं दुखणं नाही. या देशात बलात्काराचा कायदा बदलला तो एका आदिवासी मजूर पोरीमुळं, आणि ती आपल्याच महाराष्ट्रातली. मथुरा तिचं नाव. आईबाप नव्हते. लोकांच्या घरी, शेतात मजुरी करायची. वय चौदा ते सोळाच्या मधलं. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिला आणि तिच्या भावाला जबाबासाठी बोलावलं. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा तो चंद्रपूर जिल्हा होता. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला आत ठेवून घेतलं, दार लावलं, दिवा मालवला. ठाण्यात दोन पोलीस होते.

बाहेर उभ्या असलेल्या माणसांनी हाका मारल्या. ती बाहेर आली, तिनं काय झालं ते सांगितलं, आणि बघता बघता गर्दी जमली. त्या गर्दीनं सांगितलं की तक्रार लिहून घ्या, नाहीतर ठाणं जाळतो. तेव्हा कुठं तक्रार लिहिली गेली. हा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. या केसमधला पहिला मोर्चा मुंबई-दिल्लीच्या शिकलेल्या बायांचा नव्हता. तो रात्रीच्या अंधारात ठाण्यासमोर जमलेल्या साध्या माणसांचा होता, आणि त्याच्याशिवाय केस उभीच राहिली नसती.

पुढं काय झालं? डॉक्टरी तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री झाली. १९७४ मध्ये सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं, पोरीलाच खोटारडी ठरवलं, तिची चालचलणूक काढली. १९७६ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं हायकोर्ट म्हणालं. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष सजा दिली. १५ सप्टेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टानं दोघांनाही सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, अंगावर खाकी कपडे घातलेला माणूस आणि समोर मजूर पोरगी. तिनं ओरडायचं कुणाला? पोलिसाला?

वर्षभर कुणाला पत्ता नव्हता. सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी, सुप्रीम कोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींना उघडं पत्र लिहिलं. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० ला अनेक शहरांत बाया रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ चा बदल आला. पोलीस ठाण्यात, सरकारी नोकराच्या ताब्यात, तुरुंगात किंवा टोळीनं अत्याचार झाला आणि बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं ते धरून चालायचं. ताब्यातल्या बलात्काराला कमीत कमी दहा वर्षं सजा. सरकारी नोकर म्हणजे नुसता पोलीस नाही. मोळी धरली म्हणून बाईला नाक्यावर अडकवून ठेवणारा फॉरेस्टचा माणूसही त्यात येतो. आपल्या प्रत्येक पाड्यावर हे माहीत पाहिजे.

म्हणजे १९८० च्या मोर्च्यांनी कायदा मिळवला. मोठं काम झालं, ते मी कमी लेखत नाही. पण मथुरेची केस काही परत उघडली नाही. फेरविचाराचा अर्ज सुप्रीम कोर्टानं फेटाळला. कायद्याच्या पुस्तकात तिचं नाव राहिलं, तिच्या पदरात काही पडलं नाही. राजस्थानात भंवरीदेवीचं तेच झालं. गावात बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना त्या गुन्ह्यातून सोडलं. तिच्या प्रकरणामुळं बायांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध 'विशाखा' नियम आले. २०१३ पर्यंत बँकेतल्या, कॉलेजातल्या बाईला त्या नियमांचा आधार होता. रोजगार हमीच्या खडीवर मुकादम हात धरतो त्या बाईला कुणी सांगितलं होतं की ते नियम तिलाही होते?

कायदा वरून खाली यायला रस्ता लागतो. तो रस्ता आपण बांधला नाही, तर कायदा तालुक्याच्या कचेरीतच मुक्काम करतो.

हे मी कुंडलमध्ये बसून लिहितेय, म्हणून इथली गोष्ट सांगायलाच पाहिजे. हे जी. डी. बापू लाडांचं गाव. तुफान सेना इथली. १९४३ ते ४६ या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली ती ७ जून १९४३ ला, हे इथलं शाळेतलं पोरगंही सांगतं. पण प्रतिसरकार म्हणजे नुसती लूट आणि बंदुका नव्हत्या. गावोगाव न्यायदान मंडळं होती. इंग्रजाच्या कोर्टात जायचं नाही, गावातच निवाडा करायचा. सावकारानं गिळलेली जमीन, नवऱ्यानं टाकलेली बाई, गुंडानं काढलेली छेड, हे सगळं त्या मंडळांपुढं यायचं. बाईची अब्रू घेणाऱ्याला आणि खबऱ्याला तळपायावर काठ्या पडायच्या. त्यावरूनच पत्रीसरकार हे नाव पडलं असं सांगतात.

आपल्या बैठकांत ही गोष्ट निघाली की तरण्या पोरांचे डोळे चमकतात. "बाई, तसंच पाहिजे. पत्र्या ठोकल्या पाहिजेत." मला त्यांचा राग समजतो. नागपूरच्या कस्तुरबानगरात एका गुंडानं वर्षानुवर्षं बायांना छळलं, पोलिसांनी ऐकलं नाही. शेवटी १३ ऑगस्ट २००४ ला कोर्टाच्या आवारातच जमावानं त्याला मारलं आणि वस्तीतल्या बाया म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनी मारलं, सगळ्यांना अटक करा. त्या बायांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण तळपायावर काठी मारायला कुणीतरी काठी धरणारा लागतो. १९४६ नंतर भूमिगत माणसं बाहेर आली, कुणी आमदार झाली, कुणी शेतावर परतली, आणि काठ्या कोपऱ्यात गेल्या. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा निवाडा करणारी मंडळंही गेली. शिवाय त्या काळच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो त्यांत न्याय देणारे बाप्ये असतात आणि न्याय मागणाऱ्या बाया.

बाया त्यात नव्हत्या असं नव्हे. नाना पाटलांच्या लेकीची, हौसाताईंची गोष्ट या भागात सांगतात. भवानीनगरच्या पोलीस चौकीतली हत्यारं पळवायची होती. हौसाताई आणि एक साथीदार चौकीसमोर गेले. तो झाला भाऊ, ही झाली बहीण. नवऱ्याकडं नांदत नाही म्हणून भावानं तिला रस्त्यातच बडवायला सुरुवात केली. डोक्यात धोंडा घालतो म्हणाला. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी बंदुका पळवल्या. ऐकायला मजा वाटते. पण मला त्यात एक गोष्ट खुपते. त्या सोंगावर कुणालाही संशय आला नाही. नांदत नाही म्हणून भाऊ बहिणीला भर रस्त्यात मारतोय, ही इतकी रोजची गोष्ट होती की ते सोंग कुणाला सोंग वाटलंच नाही. इंग्रजाचं सरकार गेलं, प्रतिसरकारही गेलं. तसं सोंग आज आपल्या कुठल्याही पाड्यावर केलं तर संशय येईल का? उलट आज पोलीस बाहेर तरी येतील का?

याच सांगली-साताऱ्यात पुढं प्रतिसरकारातल्या इंदुताई पाटणकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या बायांनी टाकलेल्या, एकट्या राहिलेल्या बायांची चळवळ उभी केली. त्यांची मागणी काय होती? रेशनकार्ड वेगळं द्या, राहायला घराची जागा द्या, कसायला जमीन द्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, मारहाणीचा प्रश्न आणि रेशनकार्डाचा काय संबंध? संबंध हाच की जिचं नाव नवऱ्याच्या कार्डावर आहे ती नवऱ्याविरुद्ध तक्रार देऊन उद्या तांदूळ कुठून आणणार?

आता खैरलांजीचं बघा. भंडारा जिल्हा, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली आई, लेक आणि दोन मुलगे, चौघांना गावानं मारलं. बाप तेवढा वाचला. त्यानंतर राज्यभर दलित वस्त्या पेटून उठल्या, मोर्चे निघाले, लाठ्या खाल्ल्या. २००८ च्या सप्टेंबरात भंडाऱ्याच्या कोर्टानं निकाल दिला. आठ जण दोषी, सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. आपल्यातल्या काहींनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. पण निकालात हेही आहे की अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली कुणालाच दोषी धरलं नाही. जातीमुळं झालं असं कोर्टाला दिसलं नाही. आणि मायलेकींवरच्या अत्याचाराचं? बलात्काराचं कलम लागलंच नाही. पहिल्या दिवसात जो तपास व्हायचा तो झाला नाही, जे कागद व्हायचे ते झाले नाहीत. पुढं लाखांचे मोर्चे निघाले तरी तो पहिला दिवस परत आणता येत नाही.

आणि भांडणाचं मूळ कुठं होतं? शेतात. सुरेखा भोतमांगे आपली जमीन कसत होती, तिच्या शेतातून गावाला रस्ता पाहिजे होता, ती वाकत नव्हती. शिवाय दुसऱ्या एका मारहाणीच्या केसमध्ये तिनं आरोपी ओळखून दाखवले होते. जमिनीवर पाय रोवून उभी राहिलेली, साक्ष देणारी बाई. तिलाच धडा शिकवायचा होता. जमिनीचा प्रश्न वेगळा आणि बाईचा प्रश्न वेगळा असं ज्यांना वाटतं, त्यांनी खैरलांजीचा नकाशा समोर घेऊन बसावं.

तर मुद्द्यावर येते. आपल्या संघटनेत एक वाक्य फार जुनं आहे. "आधी जमीन मिळू दे, मग बायकांचे प्रश्न घेऊ." दुसरं वाक्य, "आतलं भांडण बाहेर काढलं तर फॉरेस्टवाले फूट पाडतील." ही वाक्यं बोलणारी माणसं वाईट नाहीत, त्यांनी माझ्याबरोबर लाठ्या खाल्ल्यात. पण ती चूक बोलतात. फूट तेव्हा पडते जेव्हा पंच बसतात, पोरीच्या बापाला बाजूला घेतात, पाच-दहा हजारांवर, एखाद्या बकऱ्यावर आणि दारूच्या डब्यावर मिटवतात. त्या दिवशी पाड्यातली प्रत्येक बाई मनात एक आकडा धरून घरी जाते, आपल्या लेकीचा. मग तिला लढ्यात 'जान देंगे, जमीन नहीं देंगे' म्हणायला लावता कुठल्या तोंडानं? बलात्काराचा गुन्हा पंचांना मिटवता येत नाही, कायद्यानंच येत नाही. पेसा कायद्यानं गावाला आपल्या रीतीनं भांडणं मिटवायचा अधिकार दिलाय हे खरं. पण तो भांडणाला आहे, गुन्ह्याला नाही.

आरोपी परका असला, कंत्राटदार, पोलीस, गार्ड, दुकानदार, की आपला आवाज मोठा निघतो. आरोपी आपलाच, संघटनेचा झेंडा धरणारा असला की आवाज बसतो. आदिवासीनंच आदिवासी बाईवर केलं तर ॲट्रॉसिटीचा कायदाही लागत नाही, साधा फौजदारी कायदाच उरतो. म्हणजे तिथं सरकारची मदत कमी असते, गावाचीच जास्त लागते. नेमकं तिथंच आपण हात आखडतो.

फाशीच्या घोषणेबद्दल एक शब्द. मला ती घोषणा खपत नाही, आणि कारण दयामाया नाही. फाशी मागायला काही लागत नाही. एक मिनिट लागतं. साक्षीदाराला चार वर्षं उभं ठेवायला चार वर्षं लागतात. केस पडते ती सजा हलकी म्हणून नाही. केस पडते कारण तारखेला यायला बसभाडं नाही, दिवसाची मजुरी बुडते, ज्याच्या शेतावर कामाला जाते त्याचाच पुतण्या आरोपी आहे, आणि साक्षीच्या आदल्या रात्री घरी कुणीतरी येऊन बसतं. फाशी म्हणणारा त्या रात्री कुठं असतो?

म्हणून जमिनीच्या लढ्यातली शिस्त इथं आणा.

वनहक्क कायद्याचे नियम जानेवारी २००८ मध्ये आले आणि गावोगाव वनहक्क समित्या बसल्या. दहा ते पंधरा जणांची समिती, त्यात एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत. मी ज्या समित्यांच्या याद्या पाहिल्या त्यांत बायांची नावं आहेत, बहुतेक ठिकाणी समिती सदस्यांच्या बायका. त्यांना विचारलं तर कित्येकींना आपण समितीत आहोत हेच ठाऊक नाही. अंगठा घरी आणून घेतला. हा खोटेपणा तलाठ्यानं केला असता तर आपण कचेरीला कुलूप लावलं असतं.

कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय की हक्क नवराबायको दोघांच्या नावानं नोंदवायचा, आणि घरात एकटीच बाई कर्ती असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. विधवा, टाकलेली, बिनलग्नाची, तिचा दावा वेगळा भरायचा. अर्जात जोडीदाराच्या नावाला रकाना आहे. किती अर्जांत तो रिकामा सोडलाय? किती ठिकाणी टाकलेल्या बाईची जमीन भावाच्या अर्जात घुसवली? भाऊ चांगला आहे म्हणतात. असेल. वहिनी आल्यावर, भाऊ गेल्यावर काय? ही जमीन विकता येत नाही, पण वारसानं पुढं जाते. ज्या बाईच्या नावावर दीड एकर आहे तिला "तक्रार मागे घे, नाहीतर घराबाहेर हो" म्हणताना दहादा विचार करावा लागतो. घरातल्या मारहाणीचा २००५ चा कायदाही म्हणतो की राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही. तो कायदा आणि सातबारा एकत्र आले तर त्याला धार येते, नाहीतर तो कागदच.

आणि बायांनो, एक गंमत ध्यानात घ्या. दावे मंजूर करणाऱ्या ग्रामसभेला २०१२ पर्यंत दोन तृतीयांश हजेरी लागायची. नुसत्या बाप्यांनी ती भरत नव्हती. तुम्ही उठून गेलात तर कोरम मोडतो, कोरम मोडला तर एकाही दाव्यावर ठराव होत नाही. इतकी वर्षं तुम्हाला सतरंजीवर मागं बसवलं. आता तुमच्या बसण्याशिवाय त्यांच्या जमिनीचा कागद पुढं सरकत नाही. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असा महाराष्ट्राचा नियम आहे. ती घ्या. वेळ भाकरीची नको, दुपारची ठेवा. तिथं ठराव लिहा की दोघांची नावं नसलेला अर्ज आम्ही मंजूर करणार नाही, आणि अत्याचाराचं प्रकरण पंचांत मिटवणाऱ्याच्या बैठकीला गाव बसणार नाही. हातभट्टीचाही ठराव त्याच दिवशी घ्या. आडवी बाटली परवान्याच्या दुकानाला लागते. हातभट्टीला परवानाच नाही, ती बंद करायला मतदान कशाला पाहिजे?

हे जमत नाही असं म्हणू नका. जिथं मथुरेचं प्रकरण झालं त्याच गडचिरोलीत लोकांनी वर्षानुवर्षं रेटा लावून १९९३ मध्ये जिल्ह्याची दारूबंदी करवून घेतली. चोरटी दारू येते, नाही असं नाही. पण जिथं गावाच्या बाया जाग्या आहेत तिथं ती येत नाही, हे तिथले लोकच सांगतात. त्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा आहे. तिथं बायाबाप्ये सगळे बसून एकमत होईपर्यंत बोलतात. त्यांची घोषणा आपण भिंतीवर रंगवतो, 'आमच्या गावात आम्हीच सरकार'. कुंडलच्या माणसांनी ते १९४३ मध्ये करून दाखवलं होतं. मेंढ्यात ते वर्षानुवर्षं चालू आहे, कारण ते कुणा एका सेनेच्या काठीवर उभं नाही, सगळ्यांच्या बसण्यावर उभं आहे.

आता पहिल्या दिवसाचं. हे पाठ करा, लेकींना सांगा. अंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, ते प्लास्टिकमध्ये नको, कागदात गुंडाळून ठेवायचे. एकटीनं ठाण्यात जायचं नाही, चार बाया बरोबर घ्यायच्या. फिर्याद लिहिल्यावर वाचून घ्यायची आणि नक्कल फुकट मिळते ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. ठाणेदार घेत नसेल तर तीच तक्रार लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि पोस्टाची पावती डब्यात. डॉक्टरी त्याच दिवशी. साक्षीचा जबाब घ्यायला बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसानं तिच्या घरी यायचं, कायदा तसा आहे. आरोपी आदिवासी किंवा दलित नसेल तर ॲट्रॉसिटीचं कलम लावायला सांगायचं आणि जातीचा दाखला बरोबर द्यायचा. मग तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडं जातो, आणि १९९५ च्या नियमांप्रमाणं फिर्यादीला आणि साक्षीदारांना प्रवासभाडं, बुडालेली मजुरी आणि मदत सरकारनं द्यायची असते. मागितल्याशिवाय ते देत नाहीत. मागायला अर्ज लागतो, अर्जाला पोच.

आरोपी त्यात बसत नसेल तर भाडं आपण द्यायचं. वर्गणीतला रुपयातला एक आणा त्यासाठी बाजूला काढा. दर विभागात एक वही ठेवा. फिर्याद नंबर, कलमं, सरकारी वकिलाचं नाव, पुढची तारीख, त्या तारखेला कोण बरोबर जाणार. वही बाईकडं राहील. प्रत्येक तारखेला किमान दोन माणसं कोर्टात तिच्या मागच्या बाकावर बसलेली दिसली पाहिजेत, निकाल लागेपर्यंत. पाच वर्षं लागली तर पाच वर्षं.

पोरगी मामाकडं जाणार नाही, तिच्याच पाड्यावर राहील, हा ठराव त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पुढच्या अंकात आम्ही पाड्यावार यादी छापणार आहोत. तीन रकाने असतील. किती दावे भरले, किती दाव्यांवर बाईचं नाव आहे, आणि समितीतल्या किती बाया गेल्या बैठकीला प्रत्यक्ष हजर होत्या. अत्याचाराच्या चालू केसेसची नावं छापणार नाही, कुठल्याही पोरीचं नाव किंवा ओळख पत्रकात येता कामा नये. तो आकडा फक्त वहीत. यादी २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आठ दिवस आधी आपल्या विभागाच्या कार्यकर्तीकडं पोचवा. ज्या पाड्याची यादी येणार नाही त्याच्यापुढं रकाना रिकामा छापला जाईल.